वेगळी ठेवलेली प्रत

मागील अंकात मोबाइलवर लग्नपत्रिकेच्या नावाने येणाऱ्या बनावट फाइलींविषयी लिहिले होते. त्यावर बरीच पत्रे आली. त्यांतील एक पत्र मात्र मी बाजूला काढून ठेवले, कारण त्याचे उत्तर दोन ओळींत देण्याजोगे नाही आणि तो प्रसंग आपल्यापैकी कोणाच्याही घरी उद्या सकाळी उभा राहू शकतो.

एका भगिनीने लिहिले आहे : “आमच्या पेढीचे हिशेब घरच्याच संगणकावर लिहिले जातात. यजमान दुकानात असतात, जमाखर्च मी पाहते. गेल्या पंधरवड्यात एके सकाळी टॅली उघडेना. सर्व फाइलींच्या नावांपुढे विचित्र अक्षरे लागली आहेत आणि पडद्यावर इंग्रजीत एक मजकूर आला आहे. पैसे पाठवा, मग फाइली परत मिळतील, असा त्याचा आशय. मुलांच्या लहानपणाचे फोटोही त्यातच होते. यजमान म्हणतात, पैसे देऊन मोकळे होऊ. सासूबाई म्हणतात, पोलिसांत जा. आपण काय सांगाल?”

प्रथम सासूबाईंच्या बाजूने कौल देतो. तक्रार अवश्य करावी. केंद्र सरकारच्या सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर ती घरबसल्या नोंदवता येते. खात्यातून पैसेही गेले असतील तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब फोन करावा. मात्र त्याही आधी संगणकाची नेटची तार काढावी, वायफाय बंद करावे, आणि त्याला जोडलेली प्रत्येक डिस्क व पेनड्राइव्ह सोडवून घ्यावा. पडद्यावरील मजकुराचे मोबाइलने छायाचित्र घेऊन ठेवावे. घाबरलेला मनुष्य या वेळी हमखास एक चूक करतो : कपाटात ठेवलेली जुनी बॅकअप डिस्क काढून त्याच संगणकाला जोडतो. रोगट यंत्राला जोडल्याबरोबर तीही गेली म्हणून समजा.

झाले आहे ते काय, हेही समजून घेऊ. रॅन्समवेअर म्हणजे खंडणीखोर प्रणाली. ती फाइली पुसून टाकत नाही. त्या जागच्या जागी अशा कूट लिपीत बदलते की ती उलगडण्याची किल्ली केवळ त्या खंडणीखोराजवळ राहते. आपली तिजोरी आपल्याच घरात, पण कुलूप चोराचे. हे कूट उत्तम रीतीने रचले असेल तर ते कोणाही तंत्रज्ञाला फोडता येत नाही. ‘आम्ही उघडून देतो’ असे सांगणाऱ्यांपासून म्हणूनच जपून राहावे. अशा काही कंपन्या गिऱ्हाइकाला न सांगता खंडणीच भरून वर आपला नफा लावतात, हे २०१९ साली अमेरिकेत उघडकीस आले होते.

पैसे भरावेत काय? माझे स्पष्ट मत, भरू नयेत. भरल्यावर किल्ली मिळेलच याची हमी कोणी देत नाही, आणि एकदा दिलेले घर पुन्हा मागण्यासाठी लक्षात ठेवले जाते. त्याऐवजी ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावर पाहावे. नेदरलँड्सचे पोलीस, युरोपोल आणि दोन संगणक-सुरक्षा कंपन्या यांनी जुलै २०१६ मध्ये ते सुरू केले. ज्या प्रणालींच्या किल्ल्या हाती लागल्या आहेत त्या तेथे विनामूल्य मिळतात. तेथे आज उत्तर मिळाले नाही, तरी कुलूपबंद फाइली टाकून देऊ नयेत; एखाद्या टोळीच्या किल्ल्या पुढे केव्हातरी पोलिसांच्या हाती लागतात, असे अनेकदा घडले आहे.

येथवरचे उत्तर कोणीही देईल. पुढचे लिहिताना मात्र थोडी लाज वाटते. कारण चार वर्षांपूर्वी हाच प्रसंग आमच्या घरी घडला, आणि त्या संगणकाची सारी व्यवस्था मी स्वतः लावून दिलेली होती.

माझे थोरले बंधू, त्यांना सारेजण दादा म्हणतात, सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी बी-बियाणे व औषधांचे दुकान चालवतात. हा व्यवहार उधारीचा. शेतकरी पेरणीच्या वेळी माल नेतो आणि हळद किंवा ऊस गेल्यावर पैसे आणून देतो. कोणी एकरकमी, कोणी चार हप्त्यांत. वडिलांच्या काळी ही उधारी लाल पुठ्ठ्याच्या खतावणीत असे. मी आग्रह धरून सर्व टॅलीवर आणले. दिवाणजींना ते पसंत नव्हते. ते म्हणाले, “धाकटे मालक, वहीला वाळवी लागते खरी, पण ती एका रात्रीत सगळी वही खात नाही.” मी हसलो. बाहेरून जोडायची एक डिस्क आणली, रोज रात्री दुकान बंद होताना तिच्यावर आपोआप बॅकअप उतरेल अशी तजवीज केली आणि त्यांना सांगितले, “आता संगणक जळाला तरी चिंता नाही.”

डिस्क तेव्हापासून संगणकाला जोडलेलीच राहिली. ती काढावी असे कोणाला का वाटावे? मलाच वाटले नाही.

पुढे पुतण्या शिक्षणासाठी पुण्याला गेला. दादांना रात्री घरूनही हिशेब पाहता यावा म्हणून त्याने दुकानाच्या संगणकावर रिमोट डेस्कटॉप सुरू केला आणि राउटरमधून बाहेरच्या जगाला वाट करून दिली. पासवर्ड होता दुकानाचे नाव आणि त्यापुढे १२३. अशी उघडी दारे हुडकणारी यंत्रे इंटरनेटवर अहोरात्र फिरत असतात. ती दुकान कोणाचे हे पाहत नाहीत, फक्त कडी सैल आहे काय एवढेच पाहतात. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, वहीपूजनाची तयारी चालू असताना, दिवाणजींनी संगणक सुरू केला आणि मला फोन लावला. मी प्रथम डिस्क तपासण्यास सांगितले. डिस्कवरील फाइलींनाही तीच विचित्र अक्षरे लागली होती. संगणकाला जी डिस्क दिसते ती खंडणीखोरालाही दिसते, ही साधी गोष्ट मी बॅकअपची व्यवस्था लावताना विसरलो होतो.

आम्ही पैसे भरले नाहीत. जे मिळेल ते गोळा करू लागलो. आमच्या सीएंकडे ३१ मार्चपर्यंतची टॅलीची प्रत होती, ती पहिला आधार ठरली. पुढच्या सहा-सात महिन्यांची खरेदी जीएसटीच्या पोर्टलवर पुरवठादारांनी भरलेल्या विवरणांतून मिळाली. बँकेच्या उताऱ्यावरून धनादेश आणि यूपीआयने आलेल्या रकमा सापडल्या. विक्रीचे मात्र तसे नव्हते. नोंदणीकृत व्यापाऱ्याला केलेली विक्री जीएसटीच्या विवरणात बिलनिहाय दिसते. पण नोंदणी नसलेल्या किरकोळ गिऱ्हाइकाला केलेली विक्री एकत्रित रकमेने जाते. आमचे गिऱ्हाईक शेतकरी. एकूण विक्री किती, हे सरकारदरबारी होते. माल कोणी नेला आणि पैसे कोणाकडून यायचे, हे कोठेच नव्हते.

मग दादा आणि दिवाणजी मोटारसायकलवर गावोगाव फिरले. “तुमच्याकडे आमचे किती येणे आहे?” हे विचारत. वडिलांच्या आणि दादांच्या मिळून साठ वर्षांच्या व्यापारात हा प्रश्न देणेकऱ्याला विचारण्याची पाळी आली नव्हती. बहुतेकांनी पत्र्याखाली, देवघरात खोचून ठेवलेली आमचीच बिले काढून दाखवली. एका वृद्ध गृहस्थांनी बिल नसतानाही रक्कम तोंडाने सांगितली, आणि ती दिवाणजींच्या अंदाजापेक्षा सातशे रुपयांनी अधिक होती. तीन घरांनी मात्र आपण काहीच नेले नाही असे सांगितले. दादांना वाटे नेले आहे. पण दाखवायला कागद नव्हता, आणि खरे सांगायचे तर ते खोटे बोलत होते असे म्हणण्यास आज माझ्याजवळही आधार नाही. बुडालेली रक्कम भरून निघाली. त्या तीन घरांशी असलेले येणे-जाणे मात्र थांबले ते थांबलेच. त्यांतील एक जण वडिलांच्या शाळेतील सोबत्याचा मुलगा होता.

आपण लहान दुकानदार, अडाणीपणाने फसलो, असे मला पुढे बरेच दिवस वाटत असे. नंतर मर्स्क या कंपनीची हकिकत वाचली.

मर्स्क ही डेन्मार्कची जगड्व्याळ पेढी. समुद्रावरून कंटेनर नेणाऱ्या जगातील अग्रगण्य कंपन्यांपैकी एक. २७ जून २०१७ रोजी तिचे संगणक काही तासांत काळे पडले. रोगाचे नाव पुढे नॉटपेट्या असे पडले. त्याचा प्रवेश झाला तो युक्रेनमध्ये कर भरण्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून. हल्लेखोरांनी त्याच्या अपडेटमध्येच विष कालवले होते. आपल्या न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात त्या समूहाकडे असलेल्या टर्मिनलचे कामही त्या दिवशी ठप्प झाले. पडद्यावर ३०० डॉलरची मागणी होती, पण ती देखाव्यापुरती. त्या प्रणालीची रचनाच अशी होती की पैसे भरूनही फाइली उलगडणे शक्य नव्हते. मर्स्कने दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेले.

मला त्यातील एक भाग विसरता येत नाही. कंपनीच्या साऱ्या जाळ्याचा नकाशा, म्हणजे कोणाला कोठे प्रवेश आहे याची मूळ नोंद, जगभरातील दीडशेच्या आसपास सर्व्हरांवर ठेवलेली होती. प्रत्येक सर्व्हर दुसऱ्याची प्रत. एक गेला तर दुसऱ्यावरून भरून काढता यावा, ही योजना. पण ते सारे एकमेकांना जोडलेले असल्यामुळे सारेच एकदम पुसले गेले. शोधाशोध करता करता आफ्रिकेतील घाना देशातल्या कार्यालयात एक सर्व्हर धडधाकट सापडला. हल्ल्यापूर्वी तेथील वीज गेली होती, म्हणून तो जाळ्यातून तुटला होता आणि तेवढ्यामुळे वाचला. त्याच्यावरील माहिती नेटवरून पाठवण्यास फार दिवस लागले असते, तेव्हा घानाहून एक कर्मचारी डिस्क घेऊन नायजेरियाला गेला, तेथे ती दुसऱ्याच्या हाती दिली, आणि तो ती घेऊन विमानाने इंग्लंडला पोहोचला. दीडशे प्रती असलेल्या पेढीला अखेर उपयोगी पडली ती वीज गेल्यामुळे वेगळी पडलेली एक.

आमच्या घरच्या डिस्कचे दुखणे नेमके तेच होते. ती प्रत होती, पण वेगळी नव्हती.

म्हणून आता आमच्या दुकानात दोन डिस्क आहेत. एकीवर ‘सम’ आणि दुसरीवर ‘विषम’ असे मार्करने लिहिले आहे. सम तारखेला पहिली जोडायची, टॅलीप्राइमच्या ‘डेटा’ या मेनूतून बॅकअप घ्यायचा, आणि काम होताच डिस्क काढून घ्यायची. दुसऱ्या दिवशी दुसरी. कोणत्याही क्षणी निदान एक डिस्क संगणकापासून तुटलेली असते, आणि रोगाची बाधा उशिरा लक्षात आली तरी कालची प्रत शाबूत राहण्याची आशा असते. याशिवाय दर महिनाअखेरीची एक प्रत तिसऱ्या डिस्कवर उतरते व ती पुसली जात नाही. काही हजारांचा हा खर्च आहे. पेनड्राइव्हवर मात्र वर्षानुवर्षे विसंबू नये. ने-आण करण्यापुरताच तो बरा.

प्रत दुसऱ्या वास्तूत असणे हेही तितकेच आवश्यक आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या बाजारपेठेत शिरले, ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. गल्ल्यावरचा संगणक आणि गल्ल्याच्या खणातील डिस्क यांना पाणी एकाच वेळी लागते. दुकानाची प्रत घरी आणि घरची प्रत दुकानात, एवढी अदलाबदल पुष्कळ झाली. घर आणि दुकान एकाच इमारतीत असेल तर एक प्रत विवाहित बहिणीकडे किंवा दुसऱ्या गावच्या नातलगांकडे ठेवावी. बाहेर जाणाऱ्या डिस्कला पासवर्डचे संरक्षण द्यावे, नाहीतर आपली येणी-देणी रस्त्यात पडायची. तो पासवर्ड कागदावर लिहून, पाकीट बंद करून तिजोरीत ठेवावा. टॅलीव्हॉल्टचा पासवर्ड तर विसरून चालतच नाही. तो हरवला म्हणजे आपणच आपल्याला कुलूप घातल्यासारखे होते.

“पण आमचे सगळे गूगल ड्राइव्हवर आपोआप जाते,” असे काही वाचक म्हणतील. जाते, आणि बिघडलेली फाइलही तितक्याच तत्परतेने जाते. तेथे फाइलीच्या आधीच्या आवृत्त्या काही काळ राहतात, सर्वसाधारणपणे ३० दिवस, एवढा आधार जरूर आहे. मी त्याला वाईट म्हणत नाही. पण तो आरसा आहे, प्रत नव्हे. समोरचा चेहरा बिघडला की आरशातलाही बिघडतो.

कायद्याचाही एक शब्द. जीएसटीच्या कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणाच्या मुदतीच्या तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. कंपन्यांनी संगणकावरील वह्यांची प्रत रोजच्या रोज घ्यावी असा नियम २०२२ पासून आहे. आपल्या बहुतेक पेढ्या भागीदारीच्या किंवा एकट्याच्या मालकीच्या, त्यांना हा दुसरा नियम लागू नाही; तरी तपासणीच्या वेळी ‘फाइली उघडत नाहीत’ हे उत्तर कोणी समाधानाने ऐकून घेईल असे वाटत नाही.

रोग मुळात येऊच नये यासाठीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो, कारण त्या या सदरात पूर्वी येऊन गेल्या आहेत. दुकानाचा संगणक बाहेरून पाहण्यासाठी उघडी वाट ठेवू नये. गरजच असेल तर जाणकाराकडून व्हीपीएन बसवून घ्यावे. फुकटात ‘क्रॅक’ करून मिळालेले सॉफ्टवेअर घेऊ नये. त्याची किंमत पुढे दुसऱ्या मार्गाने वसूल होते. विंडोज १० चे नियमित विनामूल्य अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले, तेव्हा त्यावर हिशेब लिहिणाऱ्यांनी बदलाचा विचार लांबवू नये. नॉटपेट्या अपडेटमधून आला हे खरे. पण तो संगणकांतून संगणकांत फोफावला तो विंडोजच्या ज्या दोषामुळे, त्यावरचा उतारा मायक्रोसॉफ्टने साडेतीन महिने आधी, १४ मार्च २०१७ रोजीच दिलेला होता. विंडोजमध्ये ‘कंट्रोल्ड फोल्डर अॅक्सेस’ नावाची एक सोय असते. अनोळखी प्रोग्रामला ठरावीक फोल्डरांत लिहू न देणारी ही राखण सहसा बंदच असते. ती सुरू करून घ्यावी. मुलांना खेळासाठी त्याच संगणकावर वेगळे, मर्यादित अधिकारांचे खाते उघडून द्यावे. खरे तर जमाखर्चाच्या संगणकावर खेळ नसलेलेच बरे.

आता पुन्हा त्या भगिनींकडे वळतो. ताई, आपल्या सीएंना आजच फोन करा. आपल्या आठवणीत नसेल, पण मागील लेखापरीक्षणाच्या वेळी टॅलीची प्रत त्यांना पाठवलेली असण्याचा संभव मोठा आहे. आपल्या जुन्या ईमेलमध्येही शोधा. मुलांचे फोटो आजोळी, आत्याच्या मोबाइलमध्ये, कोणाच्या तरी व्हॉट्सअॅपवर पाठवलेले असतील. ते सारे परत मागवा, लाजू नका. लग्नाच्या छायाचित्रकारालाही विचारून पाहा, काही जण जुनी कामे जपून ठेवतात. संगणक पूर्ण पुसून विंडोज नव्याने टाकल्याशिवाय त्यावर काहीही परत आणू नका. आणि उधारीचे काम असेल तर गिऱ्हाइकांकडे लवकर जा. दिवस जातात तशी बिले हरवतात, आणि आठवणी ज्याच्या त्याच्या सोयीने वळू लागतात.

आमच्याकडे अखेर दिवाणजींचे आणि माझे एकमत झाले आहे. डिस्क घरी नेण्याचे काम त्यांच्याकडे आहे. जेवणाच्या डब्याच्या पिशवीत ती असते, पावसाळ्यात वर प्लास्टिकची पिशवी गुंडाळलेली. वहिनींनी त्यात आपली एक भर घातली आहे, आणि ती माझ्या मूळ व्यवस्थेत मुळीच नव्हती. प्रत घेतली आहे एवढ्यावर त्यांचा विश्वास नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दिवाणजींकडची डिस्क त्या मागवतात, घरच्या जुन्या लॅपटॉपवर, नेट बंद ठेवून, ती प्रत उतरवतात, कोणत्यातरी एका शेतकऱ्याचे खाते उघडतात आणि बाकी दुकानातल्या कागदी बिलाशी ताडून पाहतात. एप्रिलमध्ये असे पाहताना ‘विषम’ डिस्कवरील प्रत उघडेना. डिस्कच नादुरुस्त झाली होती. दादांनी त्याच दिवशी नवी आणवली.